देवकपाशीच्या पानावरची गुलाबी वस्ती

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी एखाद्या लग्नात नव्यानं ओळख झालेलं माणूस विचारतंच, "तुम्ही काय करत होता?" "आदिलाबादच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते," असं म्हटलं की समोरचा "अरे वा" म्हणतो आणि पंगत कुठवर आली ते बघायला लागतो. म्हणून अलीकडं मी खरं तेच सांगते. म्हणते, "पानं दाबत होते." मग मात्र माणूस थांबतो.

पान दाबणं हे आमच्या कामातलं पहिलं काम. कपाशीचं कोवळं पान सकाळी तोडायचं, काचेच्या थाळीत घट्ट झालेल्या निर्जंतुक जेलीवर अलगद टेकवायचं आणि उचलून फेकून द्यायचं. थाळीत काही म्हणता काही दिसत नाही. झाकण लावून ती ठेवून द्यायची आणि आपल्या कामाला लागायचं. काही दिवसांनी झाकण उघडलं की थाळीत ते पान उमटलेलं असतं, आणि तेही गुलाबी. देठाची जागा, शिरा, कातरलेली कड, सगळं बारीक ठिपक्यांनी काढलेलं. त्यातला एकेक ठिपका म्हणजे जिवाणूंचं एकेक गाव. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थाळी हातात घेऊन नुसती बसून राहिले आणि माझा पुढचा तास बुडाला. मुलांना आनंद झाला तो वेगळाच.

मी मूळची आदिलाबाद जिल्ह्यातल्याच भैंशाची. वडिलांचं किराणा दुकान जिनिंगच्या, म्हणजे कापसातून बी काढायच्या कारखान्याच्या, रस्त्यावर, त्यामुळं लहानपणी आमच्या साखरेत, केसांत, वरणातसुद्धा कापसाचे तंतू असायचे. इतका कापूस पाहिला, पण कपाशीच्या पानावर कुणी राहतं हे मला तिशीत कळलं.

हे जिवाणू खातात काय, ते सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. त्या जेलीत आम्ही थोडे क्षार घालत असू आणि अन्न म्हणून फक्त मिथेनॉल. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूतलं ते विष, ज्यानं माणसाचे डोळे जातात. पान वाढताना आपल्या पेशींच्या भिंती थोड्या सैल करतं, आणि त्या खटाटोपात त्याच्यातून जरासं मिथेनॉल बाहेर पडतं. सकाळी पानाची छिद्रं उघडली की ते हवेत जातं. हे गुलाबी जीव त्या छिद्रांच्या तोंडाशीच वस्ती करून बसलेले असतात. आपल्या भाकरीत कार्बनच्या अणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. यांच्या वाट्याला एका वेळी एकच अणू येतो, आणि त्या एकेका अणूतून ते आपलं सगळं अंग बांधतात. वर आणखी ऐका. मिथेनॉल पचवताना वाटेत फॉर्माल्डिहाइड तयार होतं. त्याच्याच पाण्यात आम्ही मेलेले बेडूक बरणीत ठेवतो. ते पोटात तयार करायचं, जिवंत राहायचं आणि वर गुलाबी दिसायचं! मी देवाधर्माची फारशी नाही, पण या जिवांपुढं मी मनातल्या मनात अनेकदा हात जोडले आहेत.

काम तसं सरळ होतं, पण आमच्या कॉलेजात सरळ काही होत नसे. सुरुवातीच्या वर्षांत एक भलतंच संकट आलं. प्रत्येक प्रयोगात काही थाळ्या बिनअन्नाच्या ठेवायच्या असतात. त्यांत मिथेनॉल नाही म्हणजे तिथं काही उगवायला नको. पण आमच्या उपाशी थाळ्यांतही गुलाबी ठिपके यायला लागले. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतले मूर्ती सर या कामात माझे मार्गदर्शक होते. ते आले, थाळ्या पाहिल्या आणि थंडपणे म्हणाले, "मॅडम, आपका पानी गंदा है." मला ते भयंकर लागलं. मी पाणी पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केलं, काचा आम्लात बुडवल्या, क्षारांच्या नव्या बाटल्या मागवल्या. ठिपके आपले येतच होते.

शेवटी उलगडा झाला तो कपाटापाशी. आमचे प्रयोगशाळा सेवक रहीमभाई फार इमानी माणूस. दिव्यात जाळायचं स्पिरिट लोक प्यायला चोरतात म्हणून त्यांनी स्पिरिटचा डबा माझ्या थाळ्यांच्या कपाटात कुलपाआड ठेवला होता. डब्याचं झाकण सैल. स्पिरिट लोकांनी पिऊ नये म्हणून त्यात मिथेनॉलच मिसळलेलं असतं. त्याची वाफ बंद कपाटात कोंडायची आणि उपाशी थाळ्यांची चंगळ व्हायची. मी हे सांगितल्यावर रहीमभाई थाळीकडं बघत म्हणाले, "या अल्ला! मैं आदमियों से बचाया, तो इनों पी गए." पुढं कित्येक वर्षं ते नव्या मुलांना त्या जिवाणूंची ओळख "ये हमारे पियक्कड" अशीच करून देत.

आता पारूबाई.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारहत्नूरला मी शेतांतली पानं गोळा करायला गेले होते. एका घराच्या अंगणात देवकपाशीचं झाड दिसलं. देवकपाशी शेतात लावत नाहीत. ती घराजवळ लावतात, वर्षानुवर्षं टिकते, आणि तिचा कापूस फक्त देवाच्या वातींसाठी. मी न विचारता पान तोडलं तशी आतून एक उंच, सावळी बाई बाहेर आली.

"काऊन वो बाई, पानं काऊन तोडून राह्यल्या? रोग पडला का माह्या झाडाले?"

"रोग नाही मावशी. पानावर बारीक जीव राहतात, ते बघायचेत."

"जीव? किडे असन."

"किड्यांहून बारीक."

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला घरी जावंसं वाटलं. पण पान दिलं, चहाही दिला. त्याच उन्हाळ्यात आमची उबवणी बिघडली. उबवणी म्हणजे थाळ्या ठरावीक उष्णतेला ठेवायची पेटी. तिचा काटा भलताच वर चढला आणि आतल्या सगळ्या थाळ्या फुकट गेल्या. एक सोडून. पारूबाईच्या झाडाची थाळी त्या भट्टीतही मजेत गुलाबी झाली होती, रंगही इतरांपेक्षा गडद, जास्वंदीकडं झुकणारा. आमच्या भागात वैशाखात पान हाताला चटका देतं, तरी त्यावर हे जीव टिकतात कसे, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. उत्तर मात्र समोर येऊन बसलं होतं.

पुढच्या खेपेला मी ती थाळी पारूबाईला दाखवायला नेली. तिनं ती उजेडात धरली. 

"हे माह्याच झाडाचं?"

"तुमच्याच."

"मंग मी तं रोज याच्यावर हात फिरवतो की वो." आणि तिनं आपल्या तळहाताकडं पाहिलं. तिची ती नजर मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून नळीवरच्या चिठ्ठीवर काहीही आकडे असोत, आम्ही त्या जिवाणूला पारूबाईच म्हणत आलो. मूर्ती सरसुद्धा गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "पारूबाई इस हफ्ते कैसी है?"

मूर्ती सरांना जाणून घ्यायचं होतं की ही पारूबाई इतर गुलाबी जिवाणूंपेक्षा खरोखर निराळी आहे, की त्यांच्यातलीच असून एखादी युक्ती जास्त शिकलेली आहे. यासाठी जीनोम पडताळावा लागतो. जीनोम म्हणजे त्या जिवाचा सगळाच्या सगळा डीएनए, चार अक्षरांत लिहिलेला अफाट मजकूर. आज यंत्र तो अक्षरन् अक्षर वाचून देतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडं ते शक्य नव्हतं. आम्ही तो कापून बघत होतो.

डीएनएचा धागा इतका लांब की नुसता नळीत ओढला तरी तुटतो. म्हणून जिवंत जिवाणू पातळ जेलीत मिसळून तिच्या छोट्या वड्या पाडायच्या आणि वडीच्या आतच जिवाणूंच्या भिंती विरघळवायच्या. धागा जागच्या जागी अख्खा राहतो. मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, घालायचं. ते अक्षरांचा एक ठरावीक क्रम दिसेल तिथंच कापतं, दुसरीकडं नाही. लांबलचक कापडावर मधूनमधून मोर विणलेले आहेत आणि जिथं मोर तिथंच कात्री चालवायची, तसं. दोन कापडं एकाच विणीची असतील तर तुकडेही त्याच मापांचे पडणार. हे तुकडे विजेच्या जोरावर जेलीतून पळवले की लहान पुढं जातात, मोठे मागं राहतात. रंग देऊन अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावला की नारिंगी पट्ट्यांची शिडी दिसते.

पहिल्या वेळी सरांच्या प्रयोगशाळेत शेजारी शेजारी पारूबाई, भैंशाच्या शेतातला एक आणि मुधोळच्या शेतातला एक असे तिघं पळवले. डोळ्यांना तिघंही गुलाबी. शिड्या मात्र तीन तऱ्हेच्या, एकीचा दुसरीशी काही मेळ नाही. एका पिकावरचे, एक अन्न खाणारे, बसनं सकाळी निघून संध्याकाळी परत यावं एवढ्या अंतरावरचे जीव, आणि आतून इतके दूर! सर पुटपुटले, "बाप रे."  एवढ्याशा जिल्ह्यात मी जन्म काढला, आणि तो एवढा मोठा आहे हे मला त्या अंधाऱ्या खोलीत समजलं.

आणि मग पारूबाई मेली. जिवाणू म्हणते मी.

प्रयोगशाळेत जिवाणू तिरक्या जेलीच्या नळ्यांत जपतात आणि नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावतात. एका पावसाळ्यात त्या बोळ्यांतून डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळी आत शिरले. ते एका नळीतून दुसरीत चालत जातात आणि पायांना लागलेली बुरशी सगळीकडं पेरतात. बघता बघता माझ्या साऱ्या नळ्यांवर करडी लव चढली. मी धडपडून जे वाचेल ते वाचवलं, पण पारूबाईची एकही नळी हाती लागली नाही. तरी मी फार घाबरले नाही. या कामासाठी सरांना दिलेली दुसरी नळी हैदराबादला होतीच. कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला.

पलीकडून मूर्ती सर म्हणाले, "मॅडम, जेली की वडियाँ बनाकर हमने वो नली फेंक दी. सोचा, आदिलाबाद में तो है ही."

आणि मी त्या जिवाणूचा सुकवून बंद केलेला नमुना कधी करून ठेवला नव्हता, कारण मी म्हणत होते, हैदराबादला आहेच.

सरांच्या फ्रिजमध्ये त्या वड्या तेवढ्या होत्या. म्हणजे पारूबाईचा अख्खा डीएनए होता, पण तो चालवणारा जीव नव्हता. तो उन्हाला कसा तोंड देतो, हे आता कुणाला विचारणार? आमचा शोधनिबंध अर्ध्यावर होता. जिवंत नमुना दाखवता आला नाही तर आमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, आणि का ठेवावा?  एकच वाट होती, त्याच झाडाकडं परत जायचं.

बाजारहत्नूरला पोचले. अंगणात झाड नव्हतं. त्या जागी पत्र्याची शेड होती, खाली औषध फवारायचे पंप. पारूबाईचा मुलगा मारोती बाहेर आला.

"आई गेली बाई. मागच्याच साली."

मी शेडच्या कडेला टेकले. त्यानं पाणी आणून दिलं. ते पिऊन मी झाडाचं विचारलं.

"झाड तोडलं. शेडले जागा पाह्यजे व्हती. आन् वातीले आता कापूस इकतच आनते घरात." मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "पन कौसाकडं हाये ना! माही बहीन, मुधोळले देल्ली. आईनंच लग्नात तिच्या ओटीत सरकी टाकली व्हती."

त्यांच्यात ती रीत होती. लेक सासरी निघाली की ओटीत तांदूळ-नारळाबरोबर मूठभर सरकी घालायची, देवकपाशीचं बी, म्हणजे सासरी वातीसाठी कुणापुढं हात पसरायला नको. हे बी जिनिंगमध्ये जात नाही. हातानं कापूस सोडवायचा, बी राखेत चोळून ठेवायचं. हायब्रीडचं बी आम्लात धुऊन पाकिटात येतं, त्याच्यावरचे जीव तिथंच मरतात. पण राखेत ठेवलेल्या बियांवर? आमच्या क्षेत्रात कुठं कुठं बोललं जात होतं की हे गुलाबी जीव बियांबरोबर पुढच्या झाडावर जातात. मला स्वतःला ते फारसं खरं वाटत नव्हतं. तरी मी मुधोळची बस धरली.

मुधोळला कौसाच्या घरी पोचले तर अंगणात विटा, रेती, सिमेंटच्या गोण्या. झाड होतं! पण त्याच्या बुडाशी दोरी आखून चुन्याची रेघ मारलेली.

कौसाचा नवरा गंगाधर गावात भाजीचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, "न्हानी बांधून राह्यलो. गवंडी उद्या येते. झाड काढाच लागन."

"काढू नका हो!" मी जवळजवळ ओरडलेच.

"त्याच्यात काय एवढं? हिच्या माहेरी मोठं झाड हाये, सरकी आनता येते कवाही."

कौसा उंबऱ्यात उभी होती. आईसारखीच उंच. मी तिला सांगितलं की मी बाजारहत्नूरहूनच येते आहे, आणि तिथं आता झाड नाही.

ती उंबऱ्यातून खाली उतरली. "मारोत्यानं तोडलं? मले सांगतलं बी नाही त्यानं?"

"त्याला वाटलं तुमच्याकडं आहे."

"आन् मले वाटलं त्याच्याकडं हाये." ती मटकन खाली बसली आणि डोळ्याला पदर लावून रडायला लागली. गंगाधर बिचारा विटांकडं बघत उभा. मग मी तिला आमच्या नळ्यांची गोष्ट सांगितली, हैदराबादची आणि आदिलाबादची, अगदी फोनसकट. ती रडता रडता थांबली.

"तुमी बी?" म्हणाली आणि हसली. "मंग मारोत्याले काय बोलू मी!"

गंगाधरनं कुदळ उचलून बाजूला ठेवली, चुन्याची रेघ पायानं पुसली आणि न्हाणीची दोरी भिंतीच्या पलीकडं नेऊन बांधली. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडणार?

मी पानं दाबली. शेजारच्या शेतातल्या कपाशीचीही घेतली, म्हणजे पडताळणी नीट व्हावी. आदिलाबादला येऊन थाळ्या मुद्दाम तापवलेल्या उबवणीत ठेवल्या. शेजारच्या शेताची थाळी कोरी राहिली. कौसाच्या थाळीत जास्वंदी रंगाचं पान उमटलं. रहीमभाई म्हणाले, "आ गई." पण मी मनाला आवर घातला. गुलाबी तर सगळेच असतात, आणि ऊन सोसणारं दुसरंही कुणी असू शकतं. ती हीच का, हे फक्त कात्री सांगणार होती.

यावेळी नळ्या दोन वेगळ्या खोल्यांत ठेवून, सुकवलेले नमुने बंद करूनच मी हैदराबादला गेले. सरांच्या फ्रिजमधल्या जुन्या वड्या आणि माझ्या नव्या वड्या एकाच विकरात कापल्या आणि शेजारी शेजारी पळवल्या. एका रांगेत मेलेली पारूबाई, दुसरीत कौसाच्या अंगणातला जीव, तिसरीत पहिल्या वेळी पळवलेला मुधोळच्या शेतातला जीव.

अंधाऱ्या खोलीत सरांनी दिवा लावला. तिसरी शिडी परकी होती. पहिली आणि दुसरी मी वरून खाली बोटानं मोजत आले. पट्टीसमोर पट्टी, पट्टीसमोर पट्टी.  एकाच ठिकाणी फरक दिसला. आईकडं एक मोठा तुकडा होता, त्याच्या जागी लेकीकडं दोन लहान, बेरीज तेवढीच. इतक्या वर्षांत त्या अफाट मजकुरात जिथं आम्हाला दिसू शकलं तिथं फक्त एवढंच बदललं होतं. बहुधा एखादंच अक्षर, तिथं कात्रीला नवी जागा मिळाली.

"सेम," मूर्ती सर हळूच म्हणाले. "मॅडम, ये वही है." आणि हा कोरडा माणूस खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागला. मी तर सरळ रडले. बाजारहत्नूरच्या एका बाईनं लेकीच्या ओटीत मूठभर बी घातलं, आणि तिला कळलंही नाही की त्या बियांवर बसून कोण कोण सासरी चाललं आहे.

हे कौसाला सांगायला मी मुधोळला गेले. नवी न्हाणी भिंतीपलीकडं उभी होती. झाडाला बोंडं आली होती. कौसा सावलीत बसून मांडीवर वाती वळत होती. मी पट्ट्यांचा फोटो तिच्यापुढं धरला आणि सांगितलं, ही तुझ्या आईच्या झाडावरची, ही तुझ्या झाडावरची.

तिनं हात पदराला पुसले, फोटो घेतला आणि माझ्यासारखीच वरून खाली बोट फिरवत आली. दोन लहान पट्ट्यांपाशी बोट थांबलं.

"इथं येगळं दिसून राह्यलं."

"हो. बाकी सगळं आईचंच आहे. तेवढंच बदललं."

कौसानं एकदा झाडाकडं पाहिलं, एकदा घराकडं. मग फोटो माझ्या हातात दिला आणि पुन्हा वात वळायला घेतली.

"तेवढं मुधोळचं असन," ती म्हणाली.